बेबी ऑफ अनुजा

चकतीची काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. चौकशीला आलेल्या साहेबांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. ते माझ्या पोटाकडे बघत होते.

माझी भाची अनुजा पहिल्या बाळंतपणाला जयसिंगपुरात आली. घर अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, आठव्या गल्लीत. वरच्या खोलीत मी राहतो. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, लग्न केलेलं नाही, आणि मे महिन्यात मला कुणी काम सांगितलं तर नाही म्हणायला सबब उरत नाही. ही तिसरी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

अनुजाला मुलगा झाला. दवाखान्यातून बाळाबरोबर झबली, लसीचं कार्ड आणि चकती मिळाली. तिचं सरकारी नाव पाच शब्दांचं आहे, म्हणून सगळे चकतीच म्हणतात. दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठी, बाळाच्या बेंबीखाली मऊ पट्ट्याने बांधायची. आत बारा बारीक कान. ते आतड्याचा गुडगुडाट ऐकतात, आपल्याला ऐकू न येणाऱ्या लहरी पोटात सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून आतलं सगळं जागच्या जागी आहे का ते पाहतात. पहिल्या सात दिवसांत चकती त्या एका बाळाच्या पोटाची ओळख करून घेते. पुढे रोज त्या ओळखीशी ताडून निकाल देते: 'ठीक', 'तपासा' किंवा 'धावा'.

बॅटरी लहान असल्याने चकती दिवसभर नुसती हजेरी मांडते. खरं ऐकते दिवसातून एकदाच, पाऊण तास. त्यावरून आलेला निकाल चोवीस तास चालतो. आमच्या जिल्ह्याला सर्व्हरने वेळ दिली होती सकाळी आठ. बाळं त्या वेळी शांत असतात, असं कुणा तज्ज्ञाचं मत. त्या तज्ज्ञाच्या घरी बाळांना संध्याकाळी अंघोळ घालत असावेत.

आमच्याकडे सकाळी आठला यल्लव्वा येते.

यल्लव्वा म्हणजे बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊमाखू घालणारी बाई. गावातली अर्धी पोरं तिच्या पायांवर पालथी पडून मोठी झालीत. त्यातले दोघे नगरसेवक आहेत, पण त्याबद्दल ती स्वतःला दोष देत नाही.

"यल्लव्वा, नऊला ये की," पहिल्याच दिवशी अक्का म्हणाली. "आठला चकतीची वेळ हाय."

"नवाला कशी येऊ? साडेआठाला सव्व्या गल्लीतलं जुळं, साडेनवाला स्टेशन रोडची पोरगी. तुमच्या चकतीला म्हणावं नवाला ये."

हेल्पलाइनवरच्या गोड आवाजाने वेळ बदलता येणार नाही असं सांगितलं. चकती रिकामी आढळली तर लाल शेरा. तीन लाल शेरे झाले की बाळाचं कार्ड बंद, मोफत उपचार बंद, आणि घरी आरोग्यसेविका चौकशीला.

अक्काने हातातल्या चकतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो.

"आदू, तू बांध."

"मी?"

"मग काय झालं? पाऊण तास बस की गप. पोट ते पोटच."

मला ही कल्पना आवडली, हे कबूल करतो. माझा त्या चकतीवर पहिल्यापासून संशय होता. तीन दिवसांचं बाळ आणि चोपन्न वर्षांचा मास्तर यांतला फरक तिला कळतो का, हे तपासायला याहून सोपा प्रयोग नव्हता. लेंग्याच्या नाडीत चकती खोचली आणि पेपर उघडला. कळला, तर यंत्र खरं. नाही कळला, तर ते कवडीमोलाचं.

पावणेनऊला अनुजाच्या फोनवर निकाल आला. 'बेबी ऑफ अनुजा चौगुले. निकाल: ठीक. आतड्याची परिपक्वता: सत्त्याण्णव टक्के. अभिनंदन!'

बारसं व्हायचं होतं, म्हणून सरकारदरबारी बाळाचं नाव तेवढंच होतं.

अनुजा न्हाणीघरात असायची. तिला काही माहीत नव्हतं. तिचा नवरा सौरभ पुण्याला, त्याला तर नाहीच. तो रोज तो निकाल त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकू लागला. विहीणबाईंनी शेजारच्या नातवाचे एक्याण्णव टक्के विचारून घेतले आणि आपले सत्त्याण्णव सांगून आल्या. आयुष्यात मला इतके गुण कधी पडले नव्हते, आणि पडले तेव्हा ते दुसऱ्याच्या नावावर होते. सांगणार कुणाला? रोज उद्यावर ढकललं. सात दिवस गेले, चकतीची ओळख पक्की झाली.

मग एका संध्याकाळी मी स्टँडसमोर कट जास्त मागून मिसळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी निकालाखाली एक ओळ जास्त होती: 'बाळाच्या पोटात जळजळीची चिन्हे. आईने मसालेदार खाणे टाळावे.'

"अनुजा, काय खाल्लंस?" अक्काने विचारलं.

"काय खाणार? तू देतेस तेच. काल लोणच्याची एक फोड."

"बघ!"

लोणचं बंद झालं. दुपारी विहीणबाईंचा फोन आला. आमच्याकडे असं चालत नाही, असं त्या चार वेगवेगळ्या प्रकारे म्हणाल्या. अनुजा फोन ठेवून मऊ भाताकडे बघत बसली. "एक फोड गं," ती आईला म्हणाली, "एका फोडीने एवढं होतं?" अक्का माझ्याकडे बघत होती. मिसळीचं तिला माहीत नव्हतं, पण भाऊ तिने लहानपणापासून पाहिलेला आहे.

अठराव्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा आठ ते पावणेनऊ बसलो. ठीक. सत्त्याण्णव.

यल्लव्वा गेली, बाळ दूध प्यालं, झोपलं, आणि साडेनऊला उठून उलटी केली. अनुजाने झबल्यावर झेललं.

"आई, हिरवं का दिसतंय गं?"

अक्का आली, वाकून पाहिलं. "शेपू. काल दोन वेळा शेपूची भाजी खाल्लीस ना? दुधातनं उतरलं."

"असं उतरतं?"

"तू लहान असताना पालक उतरायचा."

सौरभला व्हिडिओ कॉल गेला. "अगं, ॲपवर ठीक आहे," तो म्हणाला. "सत्त्याण्णव आहे. उगाच पॅनिक होऊ नका."

मी दारात उभा होतो. झबल्यावरचा रंग मला दिसत होता. तो शेपूचा नव्हता.

गर्भातल्या आतड्याचा प्रवास मी सत्तावीस वर्षं शिकवतोय. दोन मार्कांना येतो. सहाव्या आठवड्यात आतडं इतक्या झपाट्याने वाढतं की पोटात मावत नाही, ते सरळ नाळेत बाहेर जातं. तिथे महिनाभर मुक्काम करतं, आणि जाता-येता एकूण पाऊण फेरी वळून पोटात परतलं की मागच्या भिंतीला रुंद पडद्याने धरून बसतं. बहुतेकांचं असं होतं. काही बाळांत ती फेरी अर्धवट राहते. मग रुंद पडद्याच्या जागी अरुंद देठ असतो, आणि त्या देठाभोवती अख्खं आतडं पिळून निघू शकतं, धुणं पिळतात तसं. अन्नाचा रस्ता बंद, रक्ताचाही बंद. तिथून पुढे हिशेब तासांचा. वरून पोट मऊ लागतं, बाळ चांगलं दिसतं. खूण असते ती उलटीतल्या हिरव्या पित्ताची. शेवटचं हे वाक्य पुस्तकात चौकटीत आहे. मी मुलांना सांगतो, चौकटीतलं विचारत नाहीत.

घरात सगळ्यांचा भरवसा त्या निकालावर होता. निकाल माझ्या पोटाचा होता. हे मला आणि अक्काला माहीत होतं. अक्काच्या मते पोट ते पोटच. राहिलो मी. मी अकरा मिनिटं गप्प बसलो. भिंतीवर घड्याळ होतं म्हणून आकडा नक्की सांगता येतो. अकरा मिनिटांत मी काय विचार केला, तर विहीणबाईंना काय वाटेल, हा.

दुसऱ्यांदा हिरवी उलटी झाली तेव्हा म्हणालो, "उठा. कोल्हापूरला जायचंय. झबलं धुऊ नका, बरोबर घ्या."

"दादा, निकाल ठीक हाय की," अक्का म्हणाली. ती मला दादा फक्त घाबरली की म्हणते.

"अक्का, गाडीत बस."

गाडी आपली आपण चालणारी. गंतव्य सांगितलं, आणीबाणी म्हणून सांगितलं. रुग्णवाहिकांची मोकळी मार्गिका तिने मागितली, सर्व्हरने बाळाचं कार्ड पाहिलं आणि गाडी आमच्याशी समजुतीच्या सुरात बोलली, "बाळ ठीक आहे. काळजी नसावी. वेगमर्यादा ताशी साठ."

"अगं बाई, चल जरा!" अक्का डॅशबोर्डला म्हणाली.

"बाळ ठीक आहे," गाडी म्हणाली.

हातकणंगल्यापर्यंत अनुजा बाळाची पाठ थोपटत राहिली. बाळ मधूनच पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं. त्या गप्प होण्याची मला जास्त भीती वाटत होती.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही इतके का घाबरलाय?"

"मी जीवशास्त्राचा..."

"ते नव्हे. निकालावर सगळ्यांचा विश्वास आहे, एकट्या तुमचा नाही. पहिल्या दिवसापासून नाही. निकाल आला की तुम्ही दुसरीकडे बघता. का?"

अक्काने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ऊस होता. मी म्हणालो, "पोचल्यावर सांगतो." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.

दवाखाना मोठा होता. दारातच काउंटर, त्यावर चकती वाचणारं यंत्र, त्यामागे चष्मेवाली मुलगी.

"आजचा निकाल ठीक आहे," ती म्हणाली. "टोकन दोनशे चौदा. बसून घ्या."

"आता कितवं चालू आहे?"

"एकशे तीस."

अनुजाने तिच्यापुढे झबलं पसरलं. मुलगी मागे सरकली. "काय खाल्लंय मॅडम तुम्ही? शेपू?"

"बाळाचा निकाल चुकीचा आहे," मी म्हणालो.

"सर, सगळे असंच म्हणतात. बेड हवा असला की सगळ्यांची चकती चुकीची."

"ओळख तपासा. बाळाच्या पोटावर ठेवून ओळख तपासा."

कंटाळून का होईना, तिने बटण दाबलं. चकती बाळाच्या पोटावर होती. मिनिटभराने यंत्र बोललं, आणि आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला. "ओळख पटत नाही. कृपया चकती योग्य बाळाला बांधा."

मुलीचा चेहरा बदलला. तिने अनुजाकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि टेबलाखाली काहीतरी दाबलं. सुरक्षारक्षक आला.

"हे बाळ कुणाचं आहे?"

"माझं," अनुजा म्हणाली.

"कार्डावरचं बाळ हे नाही म्हणतंय."

"माझं आहे हो! मी जन्म दिलाय याला!"

रांगेतल्या बायका उठून बघू लागल्या. एकीने आपलं मूल जवळ ओढलं. "दुसऱ्याच्या कार्डावर आणलंय वाटतं," कुणीतरी म्हणालं. रक्षकाने दार लावून घेतलं. अनुजाने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते पुन्हा किंचाळलं, आणि पुन्हा गप्प झालं.

मी शर्ट वर केला.

"ओ काका, काय करताय?" रक्षक म्हणाला.

मी बाळाच्या पोटावरची चकती सोडवली, लेंग्याच्या नाडीत खोचली आणि यंत्रापुढे उभा राहिलो. तेवढ्या मोठ्या हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. एक मिनिट फार लांब असतं, विशेषतः उघड्या पोटाने.

"ओळख पटली," यंत्र म्हणालं. "बेबी ऑफ अनुजा चौगुले. वय अठरा दिवस. निकाल: ठीक."

कुणीतरी हसलं. अनुजा हसली नाही.

"रोज सकाळी आठला," मी तिला म्हणालो. यंत्राला नव्हे, मुलीलाही नव्हे. "बाळाची अंघोळ असायची. तुझ्या आईने मला बांधायला सांगितलं, मी बांधली. पहिल्या दिवसापासून. याचं पोट चकतीने एकदाही ऐकलेलं नाही."

गोंधळ ऐकून आतून एक डॉक्टरीण आली. पांढऱ्या कोटावर नाव होतं, डॉ. निगार मुजावर. तिशीची असेल. तिने माझ्याकडे, मग झबल्याकडे पाहिलं आणि झबलं उचललं.

"हे कुणाचं?"

"बाळाचं," मुलगी म्हणाली.

"कुठल्या बाळाचं? याचं, का याचं?" तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली, पण उत्तरासाठी थांबली नाही. "किती वाजता पहिली उलटी?"

"साडेनऊ," अनुजा म्हणाली.

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मुलगी पुटपुटली, "मॅडम, निकाल डावलला तर खुलासा द्यावा लागतो. तुमचे या महिन्यात तीन झालेत."

"चौथा लिही," डॉक्टर म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली.

सोनोग्राफीत आतड्याच्या शिरा भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसल्या. पाऊण तासाच्या आत बाळ टेबलावर होतं. बाहेर बाकावर आम्ही तिघं, अक्का मध्ये. फोन आला, अनुजाने सौरभला सगळं सांगितलं, एका श्वासात, सपाट आवाजात. मग तो म्हणाला, "मग सत्त्याण्णव?"

"मामांचे," अनुजा म्हणाली आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने, समोरच्या भिंतीकडे बघत, "म्हणजे जळजळ तुमची होती."

"मिसळ."

"आठवडाभर मी बिनतिखटाचं जेवले, मामा. सासूबाई म्हणाल्या, पोरीला जिभेवर ताबा नाही."

अक्का माझ्याकडे वळली. "तू मिसळ खाल्लास?" कांदा-लसूण तिच्या घरात येत नाही. त्या दिवशी तिला धक्का बसला तो त्याचा. माणूस एका वेळी पेलवेल तेवढंच ऐकतो.

मग मी अनुजाला अकरा मिनिटांचं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

डॉक्टर दोन तासांनी आल्या. आता माझ्या तोंडून आपोआप 'आल्या' निघालं. आतडं अडीच वेढे पिळलं होतं, घड्याळाच्या दिशेने. त्यांनी उलटं फिरवून सोडवलं. सोडवलं तेव्हा ते काळंनिळं होतं. मग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून नुसतं थांबायचं असतं, रंग परत येतो का बघत.

"आला?" अनुजाने विचारलं.

"बराचसा. वीतभर नाही आला. तेवढं काढून दोन टोकं जोडलीत. वीतभराने अडत नाही. बाळ वाढेल."

अक्काने हात जोडले. अनुजाने विचारलं, "अकरा मिनिटं आधी निघालो असतो तर?"

डॉक्टरांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "वीतभर कुठल्या मिनिटाला गेलं, ते आतड्यावर लिहिलेलं नसतं," त्या म्हणाल्या. मग मला बाजूला घेतलं.

"तुमच्याकडे बाळाला अंघोळ किती वाजता घालतात?"

"आठ."

"सगळीकडे?"

"बाई आठला येते. नाही तर साडेआठला. चकतीची अर्धी वेळ त्यातच जाते."

"या महिन्यात 'ओळख पटत नाही' अशी तीन बाळं आली. आम्हाला वाटलं प्रसूतिगृहात चकत्यांची अदलाबदल होतेय. त्यातलं एक उशिरा आलं." त्यांनी मास्क खिशात घातला. "या चकत्या एकमेकींकडून शिकतात, सर. सामान्य बाळाचं पोट कसं वाजतं, ते हजारो पोटांवरून ठरवतात. तुमच्या जिल्ह्यात त्यांनी सामान्य नवजात बालक म्हणून ज्याला ओळखलंय, तो बहुतेक चहा पिऊन पेपर वाचणारा पन्नाशीचा गृहस्थ आहे."

चौकशी झाली. साहेबांनी अहवालात यंत्र निर्दोष ठरवलं, आणि बाळंतिणीच्या घरातल्या पुरुषांनी सहकार्य करावं अशी शिफारस केली. आम्ही ते आधीपासूनच करत होतो.

बाराव्या दिवशी बाळ घरी आलं, पोटावर बोटभर व्रण आणि नवी चकती घेऊन. अनुजा माझ्याशी कामापुरतं बोलायची. बाळाला माझ्याकडे द्यायची नाही. रोज सकाळी कान त्याच्या पोटाला लावून ऐकायची, मग चकतीचा निकाल बघायची, मग पुन्हा कान लावायची. दोन्हींवरही तिचा पुरता विश्वास नव्हता. मला ते बरोबर वाटत होतं.

पहिल्या सोमवारी आठला यल्लव्वा आली. तेलाची वाटी खाली ठेवली, घमेल्याकडे वळली.

"बाळाची अंघोळ दहाला," अनुजा म्हणाली. "जमत असेल तर ये. नाही तर मी घालीन."

"दहाला कशी..." यल्लव्वाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "येते बाई. दहाला येते."

"आणि यल्लव्वा, सहाव्या गल्लीतल्या जुळ्यांची चकती कोण बांधतं?"

यल्लव्वा जराही विचारात पडली नाही. "एकाची आज्जा, एकाची चुलता. आज्जाचं पोट लई चांगलं हाय."

"आणि स्टेशन रोडला?"

"तितं ड्रायव्हर बसतोय."

अनुजा माझ्याकडे वळली. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच ती नीट माझ्याकडे बघत होती. मग बाळ उचललं आणि माझ्या हातांत दिलं. ते हलकं होतं, कोमट होतं, आणि मनगटाला त्याचं पोट लागत होतं. आत काहीतरी गुडगुडलं. कसं ते सांगता येणार नाही, पण माझ्यासारखं अजिबात नव्हतं.

"ऐकलंत?" ती म्हणाली आणि बाळ परत घेतलं. "आता जा."

मी चपला घातल्या. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. आमची गल्ली सरळ रेघेत आखलेली आहे, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकापर्यंतचे व्हरांडे दिसतात. सत्तावीस वर्षं मी ती बघतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. तीन व्हरांड्यांत तीन गृहस्थ बसले होते. पाठ ताठ, समोर पेपर, एक हात शर्टाखाली. कुणी पान उलटत नव्हतं.

पहिलं फाटक बँकेतून निवृत्त झालेल्या शेडबाळे काकांचं. मी आत गेलो.

"काका, शर्ट वर करा."

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. पेपरवरून नुसते डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत मी ज्या गोष्टीसाठी आलो होतो तिची भीती नव्हती. अभिमान होता.

"आमचा," ते हळूच म्हणाले, "अठ्ठ्याण्णव आहे."